लेकीची भेट आणि आमचा सत्कार

मंडळी, दुपारपासून डोकं फिरलंय, म्हणून इथं लिहितोय.

पुरुषांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या बीडच्या एका गटात मी काम करतो. आमच्यातल्या वडवणीच्या एका भावाची बायकोसोबत केस चालू हाय. दीड वर्षांनी आज त्याला कोर्टाच्या आवारात लेक भेटणार होती. तासभर.

त्यानं मला एकट्यालाच सोबत बोलावलं होतं. मी येडपटानं ते ग्रुपवर टाकलं.

आम्ही पोचलो तर फाटकात ही गर्दी. हातात फलक, तोंडात घोषणा, आणि शाल-नारळ घेऊन आमचे अध्यक्ष पुढं. आपल्याकडं सत्काराशिवाय कशाला सुरुवातच होत न्हाई.

तेवढ्यात पाच वर्षांची पोर आईचं बोट धरून आली. बापाच्या खांद्यावर शाल, हातात नारळ, भोवती ओरडणारे बाप्ये. तिनं एकदा बघितलं आणि आईच्या कमरेला जी मिठी मारली ती सोडलीच न्हाई. बाप नुसता लांबून हाका मारत राहिला. वेळ संपली.

बाहेर आल्यावर तो एवढंच बोलला, "भाऊ, माझीच लेक मला लई भ्याली."

अध्यक्ष म्हणाले, "खचू नको. पुढच्या तारखेला अजून माणसं आणू."

आता ग्रुपवर सत्काराचे फोटो पडलेत, खाली अंगठ्यांची रांग.

बायका बापाला लेकरू भेटू देत न्हाईत, असं आम्ही गावोगाव ओरडत फिरतो. आज कुणी भेटू दिलं न्हाई, ते तुम्हीच सांगा.