माश्यांचं काम

उभं आयुष्य शिवणयंत्रावर गेलेल्या माणसाला भोक सहन होत नाही. दुकान मुलाच्या हाती सोपवल्यावर मास्तरांनी घरामागे काकडीचे वेल लावले. लाल भुंग्यांनी पानांची चाळण केली, तेव्हा त्यांना अन्न गोड लागेना. बाजारातून औषधाची बाटली आणली. वेल फुलावर आलेले, ऊन चढलेलं, अशा वेळी पाठीवर पंप घेऊन त्यांनी पानन् पान भिजवलं. बाटलीवरची बारीक अक्षरं वाचायला चष्मा हवा होता. तो घरात राहिला होता.

भिंतीपलीकडे त्यांचे साडू राहत. त्यांच्याकडे मधमाश्यांच्या तीन पेट्या होत्या. दुसऱ्या दिवशी दोन पेट्यांपुढे मेलेल्या माश्यांचा थर पडला. साडूंनी तो झाडूने गोळा केला, पुरला, मास्तरांकडे एकदा बघितलं आणि आत गेले. भांडले असते तर मास्तरांना बरं वाटलं असतं. दोघी बहिणी मात्र भिंतीवरून वाट्या देत-घेत राहिल्या.

भुंगे गेले, नवी पानं धड आली. पण काकड्या धरेनात. धरल्या त्याही वाकड्या, एका टोकाला बारीक.

"औषध छान लागू पडलं," बायको म्हणाली. "किडीलाही आणि आपल्यालाही."

मग मास्तर रोज सकाळी ब्रश घेऊन एका फुलातले पराग दुसऱ्याला लावत बसू लागले. कंबरेचा पार काटा ढिला झाला. एके दिवशी भिंतीवरून आवाज आला.

"हे काय चाललंय?"

"तुमच्या माश्यांचं काम करतोय," मास्तर मान वर न करता म्हणाले. "मला काही जमत नाही. चुकलंच माझं."

साडू लेंगा सावरत भिंत ओलांडून आले आणि शेजारी उकिडवे बसले. "सरका जरा. ब्रश आणा इकडे."

पुढच्या हंगामात मास्तर गार सकाळी, भुंगे सुस्त असताना, ते वेचून साबणाच्या पाण्यात टाकू लागले. फारच झाले तर साडूंना विचारून, माश्या पेटीत परतल्यावर, थोडं फवारत. उरलेल्या पेटीतून साडूंनी आणखी एक वसवली.

काकड्या इतक्या आल्या की दोघी बहिणी वैतागल्या. शेवटी मास्तर टोपली घेऊन गल्लीत वाटायला निघाले. साडू हात मागे बांधून बरोबर चालत होते, आणि प्रत्येक दारात सांगत होते, "कोवळ्या आहेत, सालासकट खा."