आधी तिला विचारा

किन्हवलीजवळच्या आमच्या घराच्या पडवीत दर रविवारी ख्रिस्ती मंडळीची उपासना भरते. मुरबाडहून पाळक, म्हणजे आमचे धर्मगुरू, जीपने येतात, आजूबाजूची पाच-सात कुटुंबं जमतात आणि प्रार्थना झाली की आमच्याकडेच डाळभात खाऊन सगळे पांगतात. या मंडळीत गाणी सांगायला आणि ढोलकी वाजवायला शेजारच्या गावातले एक गृहस्थ होते. त्यांना सगळे भाऊ म्हणायचे. माझे यजमान काविळीने कल्याणच्या इस्पितळात पडले होते तेव्हा सख्खे नातेवाईक एकदा डोकावून गेले. भाऊ मात्र लावणीची कामं टाकून त्यांच्या उशाशी बसून राहिले. हे आधी सांगते, कारण पुढचं सांगताना ते विसरून चालणार नाही.

त्यांची बायको बोलायला कमी. एका रविवारी भांडी घासताना तिने बाही वर सरकवली आणि दंडावर काळेनिळे वळ दिसले. विहिरीवर घसरले, म्हणाली. पुढच्या खेपेला तिला उजव्या हाताने हंडा उचलता येईना, तेव्हा मी तिला आत नेलं, दार लोटलं आणि सरळ विचारलं. तिने सगळं सांगितलं. भाऊ दारू पीत नव्हते. राग आला की मारायचे, आणि मारून झालं की तिच्याजवळ गुडघे टेकून प्रार्थना करायचे.

त्याच दिवशी मी यजमानांना सांगितलं. त्यांना आधी पटेचना. आमच्यात रीत अशी, की चुकलेल्या भावाकडे पहिल्यांदा एकट्याने जायचं, ऐकलं नाही तर आणखी कोणाला घेऊन जायचं, आणि तेवढ्यानेही भागलं नाही तर मंडळीपुढे ठेवायचं. यजमान एकटे गेले. भाऊंनी हसण्यावारी नेलं. मग पाळकांना घेऊन गेले तेव्हा भाऊ ढसाढसा रडले, पुन्हा हात उचलणार नाही म्हणाले. घरी आल्यावर यजमानांचा चेहरा हलका झाला होता. प्रश्न मिटला असं त्यांना वाटलं, मलाही वाटलं.

थोड्याच दिवसांनी एका सकाळी ती आमच्या दारात उभी राहिली. कानामागे रक्त सुकलं होतं, पायात चप्पल नव्हती. मी तिला शहापूरच्या डॉक्टरांकडे नेलं. पाळक येऊन तिला म्हणाले, पोलिसांत जायचं असेल तर आम्ही सोबत येतो, मंडळीची अब्रू जाईल असा विचार करू नको. ती आत्ता नको म्हणाली.

त्या रविवारी पडवीत कोणी गायलं नाही. भाऊ मधोमध उभे राहिले, चुकलो म्हणाले, रडले. त्यांना बघून बायकाही डोळे पुसू लागल्या. एक म्हातारबाबा म्हणाले, देवाने माफ केलं तिथे आपण कोण. बाईनेही आता मन मोठं करावं आणि घरी जावं. सगळे तिच्याकडे बघू लागले. ती माझ्याशेजारी होती. बसल्या जागेवरूनच बोलली.

"क्षमा मी केलीय. दर टायमाला करते. पण त्या घरात मी आता नाय जायची."

पाळक म्हणाले, ती बरोबर बोलतेय. क्षमा कर म्हणता म्हणता आपण तिला पुन्हा मार खायला पाठवत होतो. शेवटी असं ठरलं की ती आमच्याकडे राहील, भाऊ गाणी सांगणार नाहीत आणि प्रभुभोजनही, म्हणजे येशूच्या आठवणीने सगळे मिळून खातात ती भाकर, घेणार नाहीत. पण यजमानांनी दर आठवड्याला त्यांच्या घरी जायचं आणि त्यांच्यासोबत जेवायचं. म्हातारबाबांना हे फार कडक वाटलं. माझी जाऊ उलट म्हणाली, मारणाऱ्याच्या घरी जेवायला कशाला जायचं? मला दोघांचंही थोडं थोडं पटत होतं.

भाऊंनी यायचं बंद केलं. आम्ही त्यांचं घर मोडलं असं गावात सांगत फिरले. यजमान तरी जात राहिले. कधी भाऊ दारच उघडत नसत. मग हे ओट्यावर बसून आपला डबा खात आणि परत येत. एकदा मी चिडून विचारलं, कशाला जाता?

"माझ्या उशाशी बसला होता तो," एवढंच म्हणाले.

भात कापून झाल्यावर एका रविवारी भाऊ आले आणि दाराजवळ बसले. प्रभुभोजनाच्या भाकरीचं ताट फिरत त्यांच्यापर्यंत आलं. त्यांनी ते दोन्ही हातांनी धरलं, थोडा वेळ तसंच धरून ठेवलं आणि काही न घेता शेजारच्याच्या हाती दिलं. पुढेही कित्येकदा तसंच झालं. शेवटी लोकच म्हणू लागले की आता पुरे, त्यांना परत घ्या.

"आधी तिला विचारा," पाळक म्हणाले.

"अजून नाय," ती म्हणाली.

काहींनी नाकं मुरडली. भाऊंनी नुसती मान हलवली, कुरकुर केली नाही. त्यांच्याबद्दल मला खरी आशा वाटली ती त्या दिवशी.

शिमगा उलटल्यावर ती आपणहून म्हणाली, जाऊन बघते. अट एकच, मी आधी न कळवता कधीही तिच्या घरी जायचं. भाऊंनी सगळ्यांदेखत ती कबूल केली. त्या रविवारी तिच्या होकाराने त्यांनी भाकर घेतली.

मी अजून जाते. भाऊ बदलले असं छातीठोक सांगणार नाही. आवाज चढतो त्यांचा. मग ते उठून शेताकडे निघून जातात. मागच्या खेपेला ती मला रस्त्यापर्यंत सोडायला आली होती. जीपची वाट बघताना मी विचारलं, भीती वाटते का गो?

"कधी कधी वाटते," ती म्हणाली. "पण आता उठून कुठं यायचं ते ठाव हाय मला."