सरकी वर हाय

महाराष्ट्र राज्य नवं नवं झालं होतं, तेव्हा मी यवतमाळच्या दवाखान्यात नर्सबाईचं शिकत होते. आमच्या नेरकडच्या बंजारा तांड्यातून शिकायला बाहेर पडलेली मी पहिलीच पोरगी. पहिल्या खेपेला प्रात्यक्षिकात नापास झाले. गरोदर बाईच्या पोटावर हात ठेवून बाळाचं डोकं कुठं आहे ते सांगायचं असे, आणि माझ्या हाताला सगळं पोट सारखंच लागे. दुसऱ्यांदा नापास झालं की नाव कमी होणार होतं. बा बजावून गेला होता, "पास झाली त नोकरी कर. नाही त पोरगा पाहून ठेवला हाय, लगन कर." पोरगा मी पाहिला होता. म्हणून तर मला पास व्हायचंच होतं.

वसतिगृहात माझ्या शेजारच्या खाटेवर एका कारकुनाची मुलगी होती. पुस्तक तिला तोंडपाठ, पण प्रात्यक्षिकात तीही नापास. आमची आंधळ्या-पांगळ्याची जोडी. वॉर्डात सरावाला बाई एक आणि भोवती आम्हा पोरींचा घोळका. आपला हात पोटाला पोचायच्या आत सिस्टरबाई पुढच्या खाटेला गेलेल्या असत.

"डोकं कठीण, गोल, बोटांत हलतं. कुल्ले मऊ, पसरट," ती घोकत बसे.

"मऊ म्हंजे केवढं मऊ? उशी बी मऊ अन् भाकर बी मऊ."

"पुस्तकात एवढंच दिलंय."

"पुस्तकाले काय जाते सांगाले?" मी चिडून म्हटलं.

तीही चिडली. "मग तूच दाखव करून."

दाखवलं. यवतमाळात कापसाला काय तोटा? सुटीहून येताना घरची सरकी, रुई आणि याडीच्या, म्हणजे माझ्या आईच्या, जुन्या घागऱ्याचं कापड घेऊन आले. सुईकामात मी आईच्या हाताखाली तयार झालेली. पुस्तक वाचून मैत्रीण सांगत गेली, मी शिवत गेले. डोक्यात कापसाचं टणक बी, सरकी, ठासून भरली, कुल्ल्यांत मऊ रुई, हातापायांना चिंध्यांच्या गाठी. ही बाहुली उशीच्या खोळीत घालून एकीनं पोटावर बांधायची, वर घोंगडी घ्यायची, आणि दुसरीनं डोळे मिटून चाचपायचं. उत्तर चुकलं की निजलेलीनं चिमटा काढायचा. माझे दंड निळे झाले, तिचेही झाले. मग इतर पोरी येऊन बसू लागल्या, त्यांनाही चिमटे बसले. "डोकं सरकीचं, कुल्ले रुईचे" हे सगळ्यांच्या तोंडी झालं. वॉर्डातसुद्धा आम्ही एकमेकींच्या कानात 'सरकी खाली', 'सरकी वर' असंच बोलायचो.

परीक्षेला नागपूरहून डॉक्टरीणबाई आल्या. मला दिलेली बाई दिवस भरत आलेली होती. बाळाचं डोकं बहुतेक वेळा खालीच असतं, म्हणून काही कळलं नाही तरी 'खाली' म्हणायचं, अशी आमच्यात जुनी युक्ती होती. मी वरच्या अंगाला हात ठेवला आणि बोटांत टणक, गोल असं काहीतरी हललं. खाली मऊ लागलं. वर म्हटलं आणि चुकलं, तर थेट मांडवातच. पण हात खोटं सांगेना.

"सरकी वर हाय, बाई," तोंडातून निघून गेलं.

"काय आहे वर?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. आमच्या सिस्टरबाई खाली बघू लागल्या.

"डोकं," मी म्हटलं. "बाळ पायाळू आहे."

डॉक्टरीणबाईंनी स्वतः हात लावून बराच वेळ पाहिलं. "वरच आहे," त्या म्हणाल्या, आणि त्या बाईला म्हणाल्या, "घरी बाळंत होऊ नका, इथंच या." मग माझ्याकडे वळल्या. "हे सरकीचं कोणी शिकवलं?"

"कोणी नाही. आम्हीच एकमेकींना."

झालं, बाहुली मागवली गेली. मैत्रिणीनं ती पोटावर बांधली, आडवी झाली. डॉक्टरीणबाईंनी हौसेनं डोळे मिटून चाचपलं आणि म्हणाल्या, "सरकी खाली."

"चूक," ती म्हणाली, आणि सवयीनं तिनं त्यांच्या दंडाला कडकडून चिमटा काढला.

मला वाटलं, आता दोघींचंही लगन. पण डॉक्टरीणबाई दंड चोळत इतक्या हसल्या की डोळ्यांत पाणी आलं. आम्ही दोघी पास झालो. बाहुली मी बांधून घेत होते, तर सिस्टरबाईंनी हातातून काढून घेतली. पुढच्या पोरींना लागेल म्हणाल्या. मला नोकरीचा हुकूम यायच्या आधी आमची बाहुली सरकारी नोकरीत लागली होती.

निकाल ऐकायला बा आला होता. मी त्याला गाडीवर पोचवायला गेले. आम्ही बोलत होतो आमच्या गोरबोलीत, इथं वऱ्हाडीत सांगते.

"मंग पोरावाल्यायले काय सांगू?" त्यानं विचारलं.

"सांगजा, सरकी वर हाय."

त्याला ओ की ठो समजलं नाही. पण नेरच्या गाडीत बसल्यावर तो शेजारच्याला, पुढच्याला, कंडक्टरला, ज्याला त्याला सांगत सुटला, "माही पोरगी पास झाली." गाडी हलेपर्यंत मला खिडकीतून ते ऐकू येत होतं.