कॉफीचा वास घेणारी बाई

देवळाली कॅम्पाच्या बाजारात कॉफी दळून देणारं एक दुकान आहे. तिथं एक बाई मला अधूनमधून दिसायची. कुणा फौजीची बायको असावी. मूळची कूर्गची, एवढं तिच्या बोलण्यातून कळलेलं. ताजी पूड ती आधी तळहातावर घ्यायची, डोळे मिटून वास घ्यायची आणि मगच पिशवी पुढं करायची.

एकदा कूर्गच्या बिया संपल्या होत्या. दुकानदार म्हणाला, "ताई, आंध्रातली अराकूची बघा. तीपण डोंगरातलीच आहे."

तिनं नेहमीपेक्षा जास्त वेळ वास घेतला.

"चांगली आहे," ती कॅम्पात शिकलेल्या मराठीत म्हणाली. "पण आमच्या मळ्यात कॉफीला संत्र्याची सावली असते, मिरीचे वेल असतात. ही दुसऱ्या कुणाच्या घरची आहे."

रिकामी पिशवी घडी करून ती निघाली. पायरी उतरताना तोच तळहात तिनं पुन्हा एकदा नाकाशी नेला.

दळलेली ती कॉफी मग मीच घेतली. घरी सगळ्यांना आवडली. आम्ही पडलो चहावाले, आम्हाला कुणाच्याही घरची चालते.