झाडाखालची जागा

तिकीट हातात ठेवता ठेवता ताई प्रवाशाला विचारायच्या, “तुमच्या गावाला झाडं हाईत का?”

नवखा माणूस गोंधळायचा. कुणी म्हणायचं, हाईत की. कुणी संशयाने बघत विचारायचं, तुम्ही फॉरेस्टवाल्या का? कासूला चढलेल्या एका म्हाताऱ्याने तर घाबरून सांगून टाकलं होतं की आपण जन्मात एक फांदी तोडलेली नाही. ताई हसल्या, त्याला खिडकीजवळची सीट दिली आणि पुढच्या प्रवाशाकडे वळल्या. तिथेही तोच प्रश्न.

मी तेव्हा पेण आगारात ड्रायव्हर होतो. पेण-रोहा फेरीवर आम्ही दोघांनी बरीच वर्षं जोडीने ड्युटी केली. आमच्या खात्यात कंडक्टरला मास्तर म्हणायची रीत आहे, पण त्यांना कुणी मास्तर म्हटलं नाही, बाईही म्हटलं नाही. वयाने माझ्याहून लहान, तरी मलाही त्या ताईच. मी ड्रायव्हर माणूस, नजर रस्त्यावर. मागे काय चाललंय ते घंटीवरून ओळखायचो. एक घंटी म्हणजे उतारू आहे, थांब. दोन म्हणजे चल. आणि भिसे खिंडीतल्या झाडीत गाडी शिरली की ताई दारात येऊन उभ्या राहायच्या आणि घंटीची दोरी नुसतीच धरून ठेवायच्या, मला आरशात दिसायचं. वाजवायच्या नाहीत. तेवढा वेळ गाडीत गडबड झालेली त्यांना चालत नसे.

तुमच्याही पाहण्यात अशी माणसं आली असतील. काम चोख, बोलणं गोड, आणि डोळे मात्र सतत कसला तरी शोध घेत असतात. मला वाटायचं, ताईंना शेती घ्यायची असेल. पेणची माणसं हल्ली घेतात.

मग एक दिवस रोह्याच्या स्टँडवर, गाडी सुटायला वेळ होता म्हणून आम्ही चहा घेत बसलो होतो, तेव्हा त्यांनी स्वतःच सांगितलं.

ताईंचं माहेर खाडीकाठच्या खारेपाटातलं. वडील मिठागरात कामाला, आईही तिथेच. मिठाच्या गावात झाड जगत नाही, ते माझ्यासारख्या रोह्याकडच्या माणसाला ऐकून माहीत होतं, पण माहीत असणं वेगळं. आमच्या परसात आंबा, फणस, दारात जांभूळ. त्यांचा पाला झाडायचा वैताग एवढंच आमचं त्यांच्याशी नातं. ताई सांगत होत्या की दुपारची भाकरी खायला त्यांचे आईवडील मिठाच्या राशीच्या सावलीत बसत. रास उंच असेल त्या दिवशी दोघांना पुरायची. गाडी भरून मीठ गेलं की त्या दिवशी डोक्यावर टोपलं धरून जेवायचं.

“आमची आय कदी झाराखाली बसलीच नाय वो,” त्या म्हणाल्या. “येता-जाता उभी राह्यली आसंल. बसली नाय.”

वडील जाऊनही बरीच वर्षं झाली होती. आई थोरल्या भावाकडे गावातच राही. दुसरा भाऊ टेम्पो चालवायचा, धाकटा नागोठण्याला कंपनीत कंत्राटावर. भेटीगाठी लग्नाला, गणपतीला, नाहीतर मयताला. भावांची पोरं एकमेकांना मोबाइलवर ओळखायची. हे सगळं ताईंच्या मनात होतंच, पण त्याला नाव मिळालं ते आमच्याच गाडीत. कुठल्याशा शाळेची पोरं कॅम्पहून परत येत होती. मळलेली, दमलेली, तरी गाडी डोक्यावर घेतलेली. ताईंनी त्यांच्या गुरुजींना विचारलं की कॅम्प म्हणजे नेमकं काय करता. गुरुजी म्हणाले, काही नाही हो, झाडाखाली जेवतो, झाडाखाली झोपतो, ओढ्यात डुंबतो, संध्याकाळी गोल करून बसतो.

ताईंना ते एकदम पटलं. त्याच दिवसापासून त्या म्हणू लागल्या की आपल्या घरच्यांचा कॅम्प करायचा, दरवर्षी करायचा, आणि त्याला आपली स्वतःची जागा पाहिजे. दूर, रानात, जिथे गाडीचा हॉर्नसुद्धा ऐकू येणार नाही. हे शेवटचं त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या.

तेव्हापासून आमच्या सुट्टीचे दिवस जागा बघण्यात जाऊ लागले. त्यांचे यजमान शिफ्टमध्ये असायचे. शिफ्ट नसली की तेही येत. फार बोलणारे नव्हते. जागेवर पोचले की एखादा दगड बघून बसत आणि ताई सांगतील तेव्हा उठत. माझ्याकडे मोटरसायकल होती आणि माझी बायको म्हणायची, घरात बसून माझं डोकं खाण्यापेक्षा जा.

पहिली जागा एका एजंटाने दाखवली. मोठी कमान, आत आखलेले रस्ते, फलकावर हरणाचं चित्र. जंगल कुठे आहे म्हणून ताईंनी विचारलं. त्याने बांबूला बांधलेली रोपं दाखवली आणि सांगितलं, पाच-सात वर्षांत बघा मॅडम, आत शिरता येणार नाही. ताईंनी एका रोपाशेजारी उभं राहून बघितलं. रोप त्यांच्या कमरेला लागत होतं. “जागा वाईट नाय,” त्या शांतपणे म्हणाल्या, “पन आपली नाय.”

हे वाक्य पुढे मी किती ठिकाणी ऐकलं. जिते गावाजवळच्या एका वाडीत ऐकलं, तिथे झाडं होती पण शेजारी दगडाची खाण होती. रोह्याच्या पलीकडे ऐकलं, तिथे सागाचं सुंदर रान होतं, पण सातबाऱ्यावर खाजगी वनाची नोंद निघाली; तलाठ्याने समजावलं की इथे एक खांबसुद्धा रोवता येणार नाही. एका ठिकाणी मालक दोन भाऊ निघाले, एकमेकांचं तोंड न बघणारे. ताईंनी दोघांच्या घरी चहा घेतला, दोघांचं ऐकून घेतलं आणि परत येताना मला म्हणाल्या की ज्या जागेवरून भाऊ तुटले त्या जागेत माझे भाऊ कसे जुळतील.

मी कंटाळत होतो, खोटं कशाला बोलू. पण त्या एकदाही चिडल्या नाहीत. जागा नाकारून आलो तरी दिवस वाया गेला असं त्यांना वाटायचं नाही. कुठल्यातरी आंब्याखाली डबा उघडायच्या, सुकटीची चटणी आणि तांदळाची भाकरी, आणि वर बघत सावकाश जेवायच्या. मला वाटतं, त्यांचा कॅम्प तेव्हाच सुरू झाला होता.

जागेची बातमी शेवटी गाडीतच मिळाली. निडीच्या पुढे डोंगरातल्या एका वाडीवरची बाई रोह्याच्या बाजाराला रानभाजी घेऊन यायची. टोपलीची जागा ताई तिला आधीच राखून ठेवायच्या. ताईंनी तिला विचारलं होतं, तुमच्या वाडीलगतची जमीन मिळेल का. ती म्हणाली, आमची नाय विकता येत ताय, आदिवासीची हाय. ताईंनी विषय तिथेच सोडला. तुमची तुमच्याकडंच बरी, म्हणाल्या. बऱ्याच दिवसांनी तीच बाई आपणहून म्हणाली की वाडीच्या खालच्या अंगाला एका शेतकऱ्याचा उतार आहे, नुसते दगड आणि झाडं, तो त्याला कंटाळलाय.

तो शेतकरी साठीचा, सरळ माणूस. आम्हाला जागेवर नेतानाच सांगू लागला की फसवणूक नको, आधीच सांगतो, इथे काही पिकत नाही. भात नाही, नाचणी नाही, माकडं वालसुद्धा राहू देत नाहीत.

“आमाला पिकवायचा नाय काय,” ताई म्हणाल्या.

“मग काय करनार?”

“बसनार.”

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. दुसरं काय करणार?

रस्त्यापासून बरंच वर चढून जावं लागत होतं. ऐन-किंजळीची झाडं, मधे करवंदीच्या जाळ्या, आणि उताराच्या मध्यावर एक जुना आंबा, त्याच्याभोवती सपाट जमीन. खाली ओढा होता, पण उन्हाळ्यात तो आटतो असं शेतकऱ्याने सांगितलं; पाणी वाडीच्या विहिरीवरून वाहावं लागेल. ताईंनी ते हसण्यावारी नेलं. लांबून गोडं पाणी वाहिलेल्या खारेपाटातल्या बाईला हंड्याची भीती कसली घालता, म्हणाल्या. त्या आंब्याखाली उभ्या राहिल्या आणि मी त्यांच्या तोंडून ते नेहमीचं वाक्य यायची वाट बघत राहिलो. आलं नाही.

खरी अडचण पुढे होती. शेतजमीन शेतकऱ्यालाच घेता येते; खारातली थोडी शेती आईच्या नावावर होती, म्हणून तिच्या नावाने घेणं सोपं होतं. आणि वाटा सगळ्या भावंडांनी उचलायचा, असं ताईंच्या डोक्यात होतं. भावांना ते पटेना. टेम्पोवाला म्हणाला, रानात साप-विंचू, पोरांना काय झालं म्हणजे? धाकटा म्हणाला, एवढंच आहे तर पेणला घरावर एक खोली चढव, सगळे तिथे येऊ. थोरला एवढंच म्हणाला की झाडं विकत घेतात हे आपण पहिल्यांदा ऐकतोय.

त्या दिवशी ताई ड्युटीवर आल्या. परतीच्या फेरीत वडखळ येईपर्यंत एकाही प्रवाशाला त्यांनी झाडाबद्दल विचारलं नाही. शेवटी माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “दादा, आयला एकदा नेते. ती नको म्हनली, तं सोडला मी.”

रविवारी सगळे आले. तिघे भाऊ, ताई, त्यांचे यजमान, मी आणि आई. आई म्हणजे बारकी, काळीसावळी म्हातारी. मिठाने पायाची कातडी कायमची तडकलेली. चढ तिला झेपेना. टेम्पोवाल्या भावाने पाठीवर घेतो म्हटलं तर तिने त्याचा हात झटकला आणि मुलीच्या खांद्याला धरून, थांबत थांबत, आपल्या पायांनी वर आली. वाटेत करवंदीच्या जाळीत लुगडं अडकलं, ते तिने सावकाश सोडवलं, जाळीला शिवी दिली नाही.

आंब्याखाली ताईंनी घोंगडी अंथरली. आई बसली. तिने वर पाहिलं, मग आजूबाजूला, मग पुन्हा वर. वारा सुटला होता. कुणीतरी पाणी दिलं, ते प्यायली. भाऊ तिच्यासमोर उभे होते, तिने काय ते एकदा बोलावं म्हणून. ताई बाजूला उभ्या राहून पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. गाडीत भांडणाऱ्या चार माणसांना एका शब्दात गप्प करणारी ही बाई, तिला मी तेव्हा पहिल्यांदा घाबरलेलं पाहिलं.

आई हळूच आडवी झाली, हात उशाला घेतला, आणि झोपली.

आम्हाला आधी कळलंच नाही. थोरल्याने जवळ जाऊन वाकून पाहिलं. मग तो मागे सरला आणि भावांना म्हणाला, “आय दुपारची झोपली.” आवाजात काय होतं ते मला सांगता येणार नाही. त्याच्या उभ्या आयुष्यात त्याने आईला दिवसा झोपलेलं पाहिलं नव्हतं.

कुणी काही ठरवलं नाही, चर्चा नाही. तिच्या झोपेत आवाज नको म्हणून तिघे लांब जाऊन बसले. थोड्या वेळाने थोरला उठला, किंजळीची एक सुकी फांदी घेतली आणि आंब्याखालचा पाला झाडायला लागला. मग टेम्पोवाला दगड उचलून एका बाजूला रचू लागला. उन्हं कलली तेव्हा आई उठली, तोवर तिच्याभोवती अंगणासारखी जागा साफ झाली होती. ताई माझ्याकडे बघून हसल्या आणि लगेच तोंड फिरवलं.

जमीन आईच्या नावावर झाली. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत त्या उतारावर काय काय उभं राहिलं ते बघायला मी अधूनमधून जात होतो. खारेपाटातल्या माणसांना बांध घालायला शिकवावं लागत नाही. भरतीचं पाणी अडवणारे हात, त्यांनी दगडी बांध घालून उताराची पायरी केली. वर लांबच लांब ओटा, त्यावर पत्रे. भिंती घालायच्या की नाही यावर भावाभावांत वाद झाला. आईने विचारलं, भिंती घातल्यावर बाहेरचं काय दिसणार, तेव्हा मिटला. एकही झाड तोडलं नाही. एक ऐन ओट्याच्या मधेच येत होता, तर पत्रा कापून त्याला वाट करून दिली. पावसात तिथून गळतं, गळू दे म्हणाले.

पहिल्या कॅम्पला मी बायकोला घेऊन गेलो. टेम्पो दोनदा भरून माणसं आली होती. खाडीतली पोरं पहिल्या दिवशी झाडांना भ्यायली. पानं वाजली की उठून बसत. दुसऱ्या दिवशी त्यांना झाडांवरून खाली उतरवायला आरडाओरडा करावा लागला. माकडांनी सुके बोंबील पळवले आणि वास घेऊन टाकून दिले, त्यावर आई पोट धरून हसली. वाडीवरची ती बाई करवंदं घेऊन आली आणि जेवायला थांबली. झोपायच्या वेळी सगळे ओट्यावर ओळीने, आणि ताई मधे उभ्या राहून सांगत होत्या, “पुढं सरका, पुढं जागा हाय.” सवयीने सगळे सरकले. त्यांचे यजमान आपल्या जागेवरून म्हणाले की तिकीट तेवढं मागू नका. त्यांचं इतकं लांब वाक्य मी पहिल्यांदाच ऐकलं.

मग मी रिटायर झालो. ताईंना बढती मिळाली आणि त्या वाहतूक नियंत्रक होऊन दुसऱ्या आगारात गेल्या. खिडकीत बसून गाड्या लावतात, असं ऐकतो. फोन येतो कधी कधी. गप्पा बहुतेक आंब्याला मोहोर आला का, एवढ्याच.

परवा पेणहून रोह्याला यायला मी त्याच फेरीत बसलो. ड्रायव्हर ओळखीचा नव्हता, कंडक्टर नवा, तरणा. निडीच्या आधी एका म्हातारीने त्याच्याकडे तिकीट मागितलं, “मिठवाल्यांचं रान.” त्याने यंत्रात शोधलं, असा थांबा नाही म्हणाला. म्हातारी म्हणाली, हाय कसा नाय, आमी रोज उतरतो. गाडीतल्या दोघा-तिघांनीही तेच सांगितलं.

मी पुढे होऊन त्याला ताईंच्या उताराचं वळण दाखवलं. त्याने घंटी दिली. म्हातारी उतरली, टोपली डोक्यावर घेतली आणि उताराच्या वाटेला लागली. वर झाडांतून चुलीचा धूर येत होता.