बारीक टाका

पावसाळ्यात कुणाच्या तान्ह्या बाळासाठी दुपटं, थंडीच्या आधी उशांचे अभ्रे, असं माझं काहीबाही शिवणं वर्षभर चालायचं. पण खरी हौस उन्हाळ्यातल्या गोधडीची. आमच्या देवळाली प्रवऱ्यात तेव्हा घरोघर रंगीत टीव्ही आले होते, तरी पापड-कुरडया उरकल्या की माझी दुपार ओट्यावरच जायची. जुन्या लुगड्यांचे थर अंथरायचे, कोपऱ्यांवर दगड ठेवायचे आणि त्यावरच मांडी घालून शिवत सुटायचं.

समोरच्या कडेला शेजारच्या वहिनी बसायच्या. त्यांचा टाका बोट अडकेल एवढा लांब. माझा तांदळाच्या कणीएवढा.

"वहिनी, हा टाका आहे की कुंपण?" मी वैतागायची.

"असूद्या की. ऊब तेवढीच येती."

एका दुपारी मी त्यांना हेच सुनावत होते, तेवढ्यात नळाला पाणी आलं. मी ताडकन उठले आणि माझ्याबरोबर गोधडीही उठली. बोलण्याच्या भरात मी नेसत्या साडीचा घोळ तिच्यात शिवून टाकला होता.

"गोधडी बी पान्याला निघाली व्हय?" वहिनी पोट धरून हसल्या.

साडीला कात्री लावायचा जीव होईना. मग वहिनी सुईच्या टोकानं एकेक टाका उचकटत बसल्या. नळाची धार बारीक होत होत थांबली.

"लई झ्याक टाका हाय तुमचा," मान वर न करता त्या म्हणाल्या. "माझा असता, तर एव्हाना पानी भरून झालं असतं."