तोंड पुसायचं तेवढं राहून गेलं

अक्काला जाऊन दीड महिना होत आला, तरी माझा राग ओसरत नाही. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, डॉक्टर शैलजा. लकव्यातून वाचलेली माणसं पुढं छातीच्या तापानं, म्हणजे न्यूमोनियानं, का जातात, या प्रश्नामागं तिनं उभा जन्म घातला. आणि ती स्वतः तशीच गेली... नांदेडच्या एका चकचकीत दवाखान्यात.

नांदेडहून अक्काच्या शेजाऱ्यांचा फोन आला तेव्हा मी मुरुडला दुकानात होतो. अक्काच्या उजव्या अंगावरून वारं गेलं होतं, वाचा बंद झाली होती. पहिले काही दिवस काचेतूनच बघू दिलं. वॉर्डात आणल्यावर जवळ गेलो. सलाईन, नळ्या, मशीन सगळं जागच्या जागी होतं, फक्त तिच्या तोंडात कुणी पाहिलं नव्हतं. जिभेवर जाड पांढरा थर, ओठ फुटलेले, घाण वास. सिस्टरला विचारलं, तर ते काम नातेवाइकांचं म्हणाल्या. डॉक्टर म्हणाले, गिळता येत नाही, तोंडात काही घालू नका. मी म्हणालो, "घालायचं नाही साहेब, पुसायचंय." तोवर ते पुढच्या खाटेकडं गेलेही होते.

लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा अक्का तिथल्या सरकारी दवाखान्यात लागली. कचेऱ्या नव्या, पाट्या नव्या आणि नळ कोरडे. लकव्याचा माणूस सुधारून घरी जायचा अन् थोड्याच दिवसांत घरघर घेऊन परत यायचा. अक्का एसटीनं गावोगाव अशा घरी जाऊन विचारू लागली. तोंड कुणीच धूत नव्हतं, आणि तोंडातली घाण लाळेबरोबर छातीत जायची. उलट तहानेला असेल म्हणून आडव्या माणसाच्या घशात चमच्यानं पाणी ओतायचे, ते छातीत उतरायचं. कुशीवर वळवा, बोटाला ओला फडका गुंडाळा, दात, हिरड्या, जीभ पुसा, असं ती घरोघर करून दाखवायची. टँकरची वाट बघत बसलेल्या एका म्हातारीनं तिला सुनावलं, "बाई, प्यायला पानी न्हाई अन् तुम्ही चुळा भरायला सांगून राहिल्या?"

"चूळ न्हाई मावशी," अक्का म्हणाली, "फडका भिजंल एवढंच."

पुढं देगलूरकडच्या एका बाईनं तिला बाजूला नेलं. नवरा लकव्यातून उठला होता, पण जवळ आला तर पुन्हा झटका येईल म्हणून ही वेगळी निजायची. तो बाहेर जाऊ लागला, आणि त्यातून दोघांनाही गुप्तरोग झाला. हे कुणाला विचारायचं तेच तिला कळत नव्हतं. अक्कानं दोघांवर उपचार केले. रक्तदाब आटोक्यात असला तर सहसा भीती नसते, हे तिनं नवरा-बायकोला समोर बसवून सांगितलं, आणि हाही प्रश्न आपल्या संशोधनात घातला. वरिष्ठांनी तो भाग काढायला लावला; बाईमाणसाला शोभत नाही म्हणे. उरलेल्याला 'दात घासायचं संशोधन' म्हणून हसले. त्या दिवशी घरी येऊन ती एवढंच म्हणाली, "माणूस वाचवला म्हणतात, अन् त्याचं तोंड अन् संसार दोन्ही वाऱ्यावर सोडतात." मग तिनं वॉर्डातल्या सिस्टरांना शिकवायला घेतलं. त्या शिकायच्या, त्यांची बदली व्हायची, नव्या यायच्या, की पुन्हा पहिल्यापासून... निवृत्तीपर्यंत हेच.

शेवटी वॉर्डात मीच हात धुतले, बोटाला कापसाची पट्टी गुंडाळून ओली करून पिळली. म्हणालो, "अक्का, तोंड पुसतो." मी हात लावायच्या आत तिनं मान एका बाजूला वळवली आणि जमेल तेवढं तोंड उघडलं. तिला सगळं कळत होतं. म्हणजे आधीचे सगळे दिवसही कळतच होतं, सांगता तेवढं येत नव्हतं. ताप त्याच दिवशी चढला. मग उतरला नाही.

परवा तिचे कागद आणायला मी त्या दवाखान्यात गेलो. कागद घेऊन वॉर्डात डोकावलो, तर तिच्या खाटेवर दुसरे एक आजोबा होते, आ वासून पडलेले. जीभ तशीच पांढरी. शेजारी त्यांची मुलगी मोबाईलवर कुणाला तरी सांगत होती, "डॉक्टर म्हणून राहिले, आता धोका न्हाई." सिस्टरना सांगितलं, तर "सांगून ठेवते" म्हणाल्या. मी कागद खिडकीत ठेवले, त्या पोरीचं बोलणं संपेपर्यंत थांबलो आणि विचारलं, "बाई, यांचं तोंड पुसायचं कुणी दाखवलंय का तुला?"